बोलिंग बॉल हाताच्या मापाचा करून घेताना: कन्व्हेन्शनल ग्रिप की फिंगरटिप?

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बोलिंगच्या (पिना पाडायच्या खेळाच्या) हिवाळी लीग, म्हणजे दर आठवड्याच्या स्पर्धा, सप्टेंबरात सुरू होतात. त्याआधी आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत दरवर्षी कुणी ना कुणी स्वतःचा पहिला बॉल घ्यायच्या विचारात असतं. बॉल कुठला घ्यावा यासाठी लोक तासन्‌तास व्हिडिओ बघतात आणि बोटं घालायच्या भोकांचं मात्र ‘प्रो शॉपवाला (बॉल विकून भोकं पाडून देणारा दुकानदार) बघेल’ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. साधा प्लास्टिकचा बॉल हातात नीट बसला, तर तो बेतशीर न बसलेल्या महागड्या रिअ‍ॅक्टिव्ह (वळण घेण्यासाठी बनवलेल्या) बॉलपेक्षा जास्त पिना पाडेल आणि अंगठाही शाबूत ठेवेल. म्हणून हा आढावा बॉलचा नाही, भोकांचा आहे.

आधी हाऊस बॉल (सेंटरच्या रॅकवरचा, सगळ्यांसाठी ठेवलेला) आणि स्वतःचा बॉल यांतला फरक. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये असो की अमेरिकेतल्या बोलिंग सेंटरमध्ये, रॅकवरच्या बॉलमध्ये वजन आणि भोकाचं माप एकमेकांना बांधलेलं असतं. हलक्या बॉलची भोकं बारीक आणि जवळजवळ, जड बॉलची रुंद आणि लांब. त्यामुळे बारीक अंगठ्याच्या माणसाला १४ पौंडांचा बॉल पेलवत असला तरी त्यात अंगठा खुळखुळतो. जाड अंगठ्याच्या बाईला १० पौंडांचा हवा असतो, पण त्यात अंगठा शिरतच नाही. खुळखुळणारा अंगठा बॉल पडू नये म्हणून आपोआप आवळला जातो. हात अवघडतो, मनगट वळतं आणि दुसऱ्या गेमपर्यंत कोपरापासून खाली सगळं भरून येतं. मापाची भोकं असली की आवळावं लागत नाही. म्हणूनच हाऊस बॉल १२ पौंडांचा घेणाऱ्याला स्वतःचा १३-१४ पौंडांचा बॉल बहुतेक वेळा सहज झेपतो. (नियमाने कमाल वजन १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो.) वर्षातून दोनदा मुलांच्या वाढदिवसाला खेळणार असाल तर हाऊस बॉल पुरे. दर आठवड्याला खेळणार असाल तर मात्र स्वतःचा घ्याच.

खरा निर्णय यानंतरचा. कन्व्हेन्शनल ग्रिपमध्ये मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. फिंगरटिपमध्ये फक्त नखाच्या पेरापर्यंत, म्हणजे पहिल्या सांध्यापर्यंत. दोन्हींत अंगठा पूर्ण आत असतो.

कन्व्हेन्शनलमध्ये बॉल पहिल्या क्षणापासून सुरक्षित वाटतो. बोटं खोलवर असल्याने भार मोठ्या सांध्यांवर येतो, पकड भक्कम मिळते. पण अंगठा आणि बोटं जवळजवळ एकाच वेळी सुटतात, त्यामुळे बॉलला फिरकी कमी मिळते आणि तो बहुधा सरळ जातो. फिंगरटिपमध्ये अंगठा आधी सुटतो, बोटं क्षणभर मागे राहतात आणि सुटता सुटता बॉलला वर उचलून फिरवतात. हुक, म्हणजे पुढे गेल्यावर बॉलचं वळणं, तिथून येतो. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घेऊन त्यात कन्व्हेन्शनल भोकं पाडून घेणं मला पैशाची नासाडी वाटते. त्या बॉलचा पृष्ठभाग ज्या फिरकीसाठी बनवलाय, ती हाताकडून मिळणारच नसते.

फिंगरटिप सुरुवातीला विचित्र वाटते, हे आधीच सांगून ठेवते. बॉल नुसत्या टोकांवर लटकल्यासारखा वाटतो, बोटांची टोकं काही आठवडे हुळहुळी होतात. तेवढं सोसावं. पण सांध्यात कळ येत असेल तर ती सवयीने जाणारी गोष्ट नाही, स्पॅन चुकलाय.

स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या आतल्या कडेपासून बोटाच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. दोन बोटांची लांबी सारखी नसते, म्हणून स्पॅन प्रत्येक बोटाचा वेगळा मोजतात. घरी बसून कुणाचाही बॉल तपासता येतो. अंगठा मुळापर्यंत आत घाला. तळवा बॉलवर सैल टेकवा. बोटं भोकांत न घालता वरून नुसती पसरा. कन्व्हेन्शनल असेल तर मधल्या सांध्याची घडी भोकाच्या अंगठ्याकडच्या कडेपेक्षा साधारण पाव इंच पुढे गेलेली दिसली पाहिजे. मग बोटं आत घाला आणि तळवा व बॉल यांच्यामध्ये पेन्सिल सरकवा. पेन्सिल जात नसेल तर स्पॅन लांब, ती तिथे मोकळी हलत असेल तर आखूड. फिंगरटिपमध्ये नखाजवळच्या सांध्याची घडी कडेच्या आसपास यावी. इन्सर्टची (बोटांच्या भोकांत बसवायच्या मऊ नळ्यांची) जाडी धरून ड्रिलर, म्हणजे भोकं पाडणारा, ती नेमकी बसवतो.

लांब स्पॅनमध्ये अंगठ्याचं मूळ ओढलं जातं, अंगठा भोकात अडकतो आणि बॉल उशिरा धप्पकन लेनवर पडतो. आखूड स्पॅनमध्ये बोटं वाकतात, आवळणं परत सुरू होतं. फिंगरटिपमध्ये या चुका जास्त बोचतात, कारण सगळा भार लहान सांध्यावर असतो. याच कारणाने दोन्हींच्या मधली ‘सेमी-फिंगरटिप’ मी कुणाला सुचवत नाही. बोट दोन सांध्यांच्या मध्ये कुठेतरी थांबतं, त्याला टेकायला नीट जागा मिळत नाही आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळ्या खोलीवर जातं.

आता अंगठा. कुठलीही ग्रिप घ्या, निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. अंगठा गोल नसतो, किंचित चपटा असतो. कुणाचा सांध्याजवळ जाड, कुणाचा मुळाशी. चांगला ड्रिलर भोक पाडून झाल्यावर ते घासून तुमच्या अंगठ्यासारखं लंबगोल करतो आणि कडा गोलवतो. ही कड नीट गोल केली नाही तर अंगठ्याच्या मुळाशी चामडी सोलवटते. तपासायची रीत सोपी आहे: अंगठा आत घालून सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. कातडी सगळीकडून हलकेच लागली पाहिजे, कुठेच ओढली जाता कामा नये. भोक सैल की घट्ट, हे हातावरचे घट्टेही सांगतात. सांध्याच्या मागच्या बाजूला घट्टा पडला असेल तर तुम्ही अंगठा आत वाकवून बॉल आवळताय.

शिवाय अंगठा दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. जानेवारीत पार्किंगमधून आत येताना तो आकसलेला असतो, दोन गेमनंतर सुजतो. म्हणून भोक सुजलेल्या अंगठ्याच्या मापाचं ठेवून आत बोलरची टेप लावतात: अंगठ्याच्या पोटाकडे खरखरीत, नखाकडे गुळगुळीत. अंगठा फुगला की चिमट्याने एक पट्टी काढायची. बॅगेत टेप ठेवत नसाल तर कितीही उत्तम भोक असलं तरी एखादी संध्याकाळ वाया जाणारच.

पिच ही भोकाच्या कलाची बाब आहे. शून्य पिच म्हणजे भोक बॉलच्या केंद्राकडे रोखलेलं. अंगठ्याचं भोक तळव्याकडे झुकवलं तर ते फॉरवर्ड, बॉल हातात जास्त रेंगाळतो. उलट बाजूला झुकवलं तर रिव्हर्स, लवकर सुटतो. स्पॅन जितका लांब तितकी साधारणपणे रिव्हर्सकडे ओढ असते, म्हणून फिंगरटिपमध्ये अंगठ्याला बहुधा वेगळी पिच लागते. इंचाच्या आठव्या भागानेही हाताला फरक कळतो. याचे आकडे स्वतः ठरवू नका. कासार हात दाबून बांगडीचं माप ओळखतो, तसा जाणता ड्रिलर अंगठा मागे वाकवून, बोटं ताणून, तळव्याची लवचीकता बघून हे ठरवतो. जो हात न हाताळता नुसती पट्टी लावून मोकळा होतो, त्याच्याकडून भोकं पाडून घेऊ नयेत.

तिसरा पर्यायही आता मुलांमुळे घरोघरी विचारला जातो: अंगठ्याविना दोन्ही हातांनी टाकणं. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉंटने ही पद्धत जगभर नेली. यात फक्त दोन बोटांची भोकं, तीही फिंगरटिपची. मात्र यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संस्थेच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२० पासून प्रत्येक भोक प्रत्येक फेकीत पकडीसाठी वापरलं गेलं पाहिजे; तोल साधायचं जादा भोक चालत नाही. म्हणजे ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून अंगठ्याचं भोक पाडलं आणि वापरलं नाही, तर तो बॉल लीगमध्ये चालणार नाही. मुलाचं ठरत नसेल तर आधी दोनच भोकं पाडा, अंगठ्याचं नंतर पाडता येतं.

मग कुणी काय घ्यावं? दर आठवड्याला खेळणाऱ्या, हुक शिकायची इच्छा असलेल्या माणसाने पहिल्याच बॉलला फिंगरटिप घ्यावी. आधी कन्व्हेन्शनल आणि मग फिंगरटिप, असा दोन टप्प्यांचा सल्ला अजूनही मिळतो. त्याने पैसे दुप्पट जातात आणि हाताला लागलेली सवय मोडावी लागते. संधिवात असेल, बोटांत जोर कमी असेल, किंवा मित्रमंडळींसोबत सरळ बॉल टाकून आनंद घ्यायचा असेल, तर कन्व्हेन्शनल घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मी महाग बॉल घेणारच नाही; स्पॅन वर्ष-दीड वर्षात आखूड पडतो.

बजेट बेताचं असेल तर बॉल स्वस्तातला घ्या, पण फिंगर इन्सर्ट आणि अंगठ्यासाठी स्लग (बॉलमध्ये बसवलेला तुकडा, ज्यात अंगठ्याचं भोक पाडतात) यांत काटकसर करू नका. इन्सर्ट झिजले तर बदलता येतात, स्लगही काढून नवा बसवता येतो. स्पॅनच चुकला, तर मात्र भोकं राळेने बुजवून, ती सुकू देऊन पुन्हा पाडावी लागतात, आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणून मापं घेताना दुकानात घाई करू नका, जमल्यास एकदोन गेम खेळून अंगठा तापल्यावर जा. ड्रिलरने लिहिलेलं स्पॅन-पिचचं कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. काही गेम झाल्यावर बॉल आणि हात दोन्ही घेऊन त्याच्याकडे परत जा. कड थोडी गोलवणं, भोक किंचित मोठं करणं ही कामं बरेच जण भोकं पाडण्याच्या पैशांतच करून देतात. तशी सोय आहे का, हे बॉल घेण्याआधीच विचारा.