ब्रुकलँड्स: आजोबा-नातवंडांसकट बघण्याचं शर्यतींचं संग्रहालय

काळाचौकीला माझं गाड्यांचं गॅरेज आहे आणि बाबा बेस्टच्या वडाळा डेपोत चौतीस वर्षं फिटर होते. त्यामुळे मे महिन्यात ताईकडे इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा मी दाजींना राजवाड्याच्याही आधी ब्रुकलँड्सचं, म्हणजे मोटारशर्यतींच्या जुन्या ट्रॅकवरच्या संग्रहालयाचं, नाव सांगितलं. बायको म्हणाली, "सुट्टीतसुद्धा गॅरेजच का?" तिचं चुकीचं नव्हतं. पण त्या दिवशी आम्ही सकाळी आत शिरलो ते बंद व्हायच्या वेळेलाच बाहेर पडलो, आणि कुणीही "चला आता" म्हणालं नाही. लंडनला नातेवाईक असलेल्या मुंबईकरांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वॉटर्लू स्टेशनवरून वेब्रिजची गाडी पकडायची. पुढे चालत जाता येतं, पण बाबांचे गुडघे बघून आम्ही टॅक्सी केली.

आधी ट्रॅक बघा, दालनं नंतर. १९०७ साली ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशाने हा ट्रॅक बांधला. तेव्हा इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा होती, म्हणजे गाडी बनवणाऱ्याला ती पळवून बघायला जागाच नव्हती. साधारण ४.४ किलोमीटरचा फेरा, १०० फूट रुंद, सगळा काँक्रीटचा. वळणावर बाहेरची कड जवळजवळ ३० फूट उचललेली आहे. आमच्या चाळीच्या दुसऱ्या माळ्याचा कठडाही त्याखाली राहील. वेगात वळताना गाडी बाहेर फेकली जाते; असा उतार दिला की तिचं वजनच तिला आत धरून ठेवतं. हे मी लेकाला गॅरेजमध्ये बशीत गोटी फिरवून दाखवलं होतं. इथे त्या उताराच्या पायथ्याशी उभा राहून त्याने मान वर केली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. काँक्रीटला भेगा आहेत, शेवाळ आहे. सगळा ट्रॅक आता उरलेला नाही. युद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यासाठी तो मध्येच कापला गेला. उरलाय तो मात्र खरा आहे, डागडुजी करून नवा केलेला नाही. मला हेच सगळ्यात आवडलं.

बायको रमली ती ह्यू यांच्या पत्नी एथेल लॉक किंग यांच्या गोष्टीत. उद्घाटनाच्या दिवशी मिरवणुकीतली सगळ्यात पुढची गाडी या बाईंनी चालवली होती, आणि त्याच ट्रॅकवर सुरुवातीला बायकांना शर्यतीत भाग घ्यायला बंदी होती. हे तिने लेकीला दोनदा वाचून दाखवलं.

माझा जीव अडकला नेपियर-रेल्टन या शर्यतीच्या गाडीत. १९३३ ची गाडी, रंग न दिलेली, नुसतं चकचकीत अॅल्युमिनियम. आत विमानाचं इंजिन: बारा सिलिंडर, चार-चारच्या तीन ओळींत, जवळजवळ २४ लिटर. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या गाड्या एक-सव्वा लिटरच्या असतात. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत! लेकाने विचारलं, "मग थांबायची कशी?" बाबा म्हणाले, "अरे, ती थांबायला नव्हे, पळायला बनवलीय." जॉन कॉब या शर्यतपटूने १९३५ मध्ये हीच गाडी ताशी सुमारे २३१ किलोमीटरच्या सरासरीने या ट्रॅकवर फिरवली. १९३९ नंतर इथे शर्यती झाल्याच नाहीत, त्यामुळे सगळ्यात वेगवान फेरीचा तो विक्रम कायमचा कॉब यांच्या नावावर राहिला. पुढे विमानांचे ब्रेक-पॅराशूट तपासायला हीच गाडी वापरली गेली. मी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या असतील.

ब्रिटनमधली पहिली ग्रां प्री, म्हणजे मोटारींची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत, इथेच झाली, ७ ऑगस्ट १९२६ ला. विजेत्या डेलाज गाडीत एक्झॉस्टच्या उष्णतेने चालकांचे पाय इतके भाजत की ते पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवायच्या जागी) येऊन पाय पाण्यात बुडवत. मी बाबांना हे मराठीत सांगत होतो, पण त्यांचं लक्ष तारखेवर. "सात ऑगस्ट म्हणजे आपला बेस्ट दिन!" १९४७ साली त्याच तारखेला बेस्ट महापालिकेकडे आली. आणि १९२६ म्हणजे मुंबईत पहिली मोटारबस धावली ते वर्ष, १५ जुलैला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. बाबांना हे सगळं तोंडपाठ. इथली शेवटची शर्यतही ७ ऑगस्टचीच, १९३९ ची, हे कळल्यावर त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून तिन्ही सालं एकाखाली एक लिहून घेतली.

याच आवारात लंडन बस संग्रहालय आहे आणि आमच्या तिकिटात तेही होतं. घोड्यांच्या बसपासून डबलडेकरपर्यंत सगळं. बाबा एका जुन्या डबलडेकरजवळ गेले आणि आधी वाकून खालून चेसिस बघितली. तिथे माहिती द्यायला उभे असलेले आजोबा बाबांच्याच वयाचे. बाबांचं इंग्रजी बेताचं, पण क्लच, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे एवढ्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर दोघांचं अर्धा तास चाललं. २०२३ च्या सप्टेंबरात बेस्टची शेवटची जुनी डबलडेकर बंद झाली तेव्हापासून बाबा तिच्याविषयी फारसं बोलत नाहीत. इथे बोलले.

मुलांना काँकॉर्ड विमान आणि १९८५ मध्ये लॉक नेस तळ्यातून वर काढलेलं वेलिंग्टन बॉम्बर आवडलं. त्यासाठी वेळ राखून ठेवा. आम्ही काँकॉर्ड घाईत उरकलं.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. आवार मोठं आणि बरंचसं उघडं आहे, छत्री आणि चांगले बूट हवेतच. ताईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, बाकावर बसून खाल्ली. आणि जुन्या गाड्या चालवून दाखवतात असा दिवस शोधून जा. गाड्यांची चढण आणि ब्रेक तपासायला १९०९ मध्ये बांधलेली टेस्ट हिल तिथे आहे, सगळ्यात उभ्या जागी चार फुटांना एक फूट चढ. आम्ही गेलो तेव्हा ती रिकामी होती. लेक धावत वर गेला, बाबा काठी टेकत अर्ध्यापर्यंत. तिथून खाली बघत ते म्हणाले, "हिच्यावर गाडी चढताना ऐकली पाहिजे." ताईला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी तसा दिवस बघूनच आमची तिकिटं काढायची.