कोळंबीचं तळं की गावतळ्यातला कटला? बोट सोडणाऱ्याने काय शिकावं

मे महिना संपत आला की वेरावळ-पोरबंदरकडचे आमचे डहाणू-तलासरीचे खलाशी घरी निघतात. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. सौराष्ट्राच्या गाडीतून उतरून पुढची गाडी मिळेपर्यंत चार-पाच जण तरी बडोद्यात वाडी भागात माझ्याकडे येतात. आंघोळी होतात, डाळ-भात होतो, मग हिशेब निघतो: उचल किती होती, शेठने किती कापली, हातात काय उरलं. गेली दोन-तीन वर्षं त्यानंतर एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, बोट सोडायची म्हणतोय. कोळंबीच्या तळ्यावर शिकू, की गोड्या पाण्यात?"

दरवेळी गाडीची वेळ होते आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हे नीट लिहून काढतोय. मी १४ हंगाम बोटीवर काढले, आधी भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी म्हणून, नंतर खलाशी. आमच्या शेजारच्या गावातले दोघे पाण्यातल्या सरहद्दीजवळ पकडले गेले आणि कराचीच्या तुरुंगातून लवकर परतले नाहीत, तेव्हा थोरल्या भावाने मला बडोद्याला बोलावून घेतलं. त्यानंतर एक पूर्ण पीक मी सुरत जिल्ह्यात ओलपाडकडच्या एका कोळंबी फार्मवर होतो. आता सहा वर्षं डभोईच्या बाजूला गावतळ्यात कटला-रोहू करतोय. दोन्हीकडचं जेवढं अंगावरून गेलं तेवढंच सांगू शकतो. वेनामी ही तळ्यात वाढवायची कोळंबी आणि मेजर कार्प म्हणजे कटला, रोहू, मृगळ हे गोड्या पाण्यातले मासे, हे तुम्हाला माहीत आहे, त्यात जास्त जात नाही.

आधी महिन्यांचं गणित बघा, कारण शिकवणारे ते सांगत नाहीत. गुजरातेत कोळंबीचं मुख्य पीक उन्हाळी. थंडी वेनामीला मानवत नाही, त्यामुळे बीज, म्हणजे बारीक पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडतात आणि १००-१२० दिवसांनी, पाऊस अंगावर यायच्या आत, काढतात. म्हणजे शिकायला जायचं तर बोटीचा हंगाम अर्ध्यात सोडावा लागतो. उचल फिटलेली नसते, शेठ सोडत नाही, सोडलंच तर मागचे दोन महिने बुडाले असं समजा. गोड्या पाण्याचं नेमकं उलट. कार्पचं बीज पावसाळ्यात मिळतं, जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यात पडतं. बोट बंद असते तेव्हाच. जूनमध्ये प्रशिक्षण, जुलैत बीज. ज्याला अजून खात्री नाही त्याला भावाच्या भरवशावर तळं ठेवून आणखी एक हंगाम बोटीवर जाता येतं. मी पहिल्या वर्षी तसंच केलं.

आमच्या प्रशिक्षणात १० जुलैचा दिवस आला होता. १९५७ साली याच तारखेला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांना पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यावर अंडी घालायला लावली. त्याआधी हे बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही येत. आज हवी ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मोजून मिळते. शिकवणाऱ्या सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात अर्धे जण खलाशीच होते, आणि नदीतून बीज धरायचं म्हणजे काय कष्ट असतील हे कोणाला समजावावं लागलं नाही.

आता बोटीवरची विद्या कुठे जास्त कामी येते? इथे मी कोळंबीच्या बाजूने बोलेन. खाडीचं पाणी घ्यायचं ते उधाणाच्या भरतीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी कात टाकते, अंग मऊ असतं, खाणं कमी होतं, त्या दिवसांत खाद्य कमी करायचं असतं. फार्मवरचा टेक्निशियन हे कॅलेंडरवर खुणा करून लक्षात ठेवायचा. मला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, आकाश बघून कळतं, तुम्हालाही कळतं. त्याने मला दोनदा विचारून खाद्य ठरवलं होतं, आणि त्याचा मला आनंद झाला होता, हे मान्य करतो. गावतळ्याला भरती-ओहोटी नाही. तिथे जाळं विणणं, तुटलेलं सांधणं, ओढजाळं तळाला धरून सारखं ओढणं, एवढंच बरोबर येतं. बाकी पाटी कोरी.

त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खायला घालणं. समुद्राला आपण कधी खायला घातलं नाही, फक्त काढलं. तळ्यावर आलेला खलाशी हमखास जास्त खाद्य टाकतो. मीही टाकलं. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं, आणि पैसे गाळात जातात. हे माप दोन्हीकडे शिकावं लागतं, पण शिकायला मिळतं का, यात फरक आहे. कोळंबी फार्मवर कोपऱ्यातून चेक ट्रे, म्हणजे किती खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवलेलं ताट, उचलून बघायचा, ट्रेमध्ये किती उरलं ते ओरडून सांगायचं. आकडा टेक्निशियनच्या वहीत जातो, पुढचं किलो तो सांगतो. मी चार महिन्यांत हजारदा तरी ट्रे उचलला असेन, ते किलो कसे निघतात हे मला कोणी दाखवलं नाही. कार्पमध्ये ते मलाच करावं लागलं. जाळ्यात मासे धरून वजन करायचं, सरासरी काढायची. समजा तळ्यात ४,००० मासे आहेत, सरासरी २५० ग्रॅम, म्हणजे १,००० किलो मासा. दोन टक्के धरले तर रोजचं खाद्य २० किलो. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, निम्मं-निम्मं. सहावी शिकलेल्या माणसाला जमेल असं गणित आहे, आणि एकदा हातात बसलं की तुम्ही कोणाच्याही तळ्यावर मजूर राहत नाही.

पाण्याचंही तसंच. कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा कोपराजवळ पाणी आल्यावर दिसेनासा झाला तर ठीक. मनगट बुडताच दिसेना तर शेण आणि खाद्य थांबवा. कोपर बुडूनही स्वच्छ दिसत असेल तर पाण्यात माशाला खायला काही नाही. मीटर असतो, असावाही, पण हात रोज बरोबर असतो.

एवढं सगळं सारखं धरलं तरी मी ओलपाडहून परत आलो ते एकाच गोष्टीमुळे. झोप.

ट्रॉलरवरची झोप तुम्हाला माहीत आहे. जाळं टाकलं की तीन-चार तासांनी ओढायचं, मासळी निवडायची, बर्फात घालायची, पाठ टेकेपर्यंत पुन्हा जाळं. आठ-नऊ महिने तुकड्यातुकड्यांनी झोपायचं. बोट सोडताना मनात दुसरं काही नव्हतं, एक सलग झोप हवी होती. फार्मवर पगार दर महिन्याला मिळत होता, जेवण चांगलं होतं, पीक निघाल्यावर बक्षीस मिळालं, वागणूकही वाईट नव्हती. पण शेवटचं खाद्य रात्री १० ला, त्याचा ट्रे १२ ला. २ ला प्राणवायूचा मीटर पाण्यात, ४ ला पुन्हा. पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि वेनामी दाटीने वाढवलेली असते. नियमानेच चौरस मीटरला ६० पर्यंत बीज सोडता येतं, म्हणजे एका हेक्टरला ६ लाख. त्यांचा श्वास पाणी घुसळणाऱ्या पंख्यांवर चालतो. वीज गेली, पंखे थांबले, तर तास-दीड तासात कोळंबी कडेला येऊ लागते आणि मालकाचं चार महिन्यांचं भांडवल तुमच्या धावण्यावर टांगलेलं असतं.

बोटीवर इंजिन चालू असलं की झोप लागते, थांबलं की जाग येते. फार्मवर पंख्यांचं तेच झालं. आवाजाने कधी जाग आली नाही, शांततेने यायची. डोळे उघडायच्या आत मी जनरेटरकडे पळत असायचो. एकदा पळालो तेव्हा पंखे चालूच होते, स्वप्नात बंद पडले होते. पीक संपवून बडोद्याला आलो तर पंधरा दिवस १२ ला, २ ला, ४ ला उठून बसायचो. माझ्या मुलाने आईला विचारलं, बाबा रात्री घरात का फिरतात. त्या दिवशी मी दुसऱ्या पिकाला जायचं नाही असं ठरवलं. चार महिने फार्मबाहेर पडायला मिळत नव्हतं, रोग आत येऊ नये म्हणून ते आवश्यकही आहे, १९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्याच्या रोगाने या धंद्याचं काय झालं ते जुने लोक सांगतात. ते मी सोसलं असतं. झोपेचं नाही जमलं.

गोड्या पाण्यात रात्र अगदी मोकळी असते असं म्हणणार नाही. श्रावणात दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही की पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. मग पंप लावून पाणी उडवायचं, खाद्य बंद ठेवायचं. वर्षात अशा सात-आठ रात्री येत असतील. मी मोजलेल्या नाहीत. बाकीच्या रात्री मी घरी झोपतो.

कार्पचे त्रास वेगळे आहेत, आणि ते लपवले तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. पैसा उशिरा येतो. बीज टाकल्यापासून मासा किलोभर व्हायला दहा-बारा महिने, तोवर घर कशावर चालवायचं याची सोय आधी हवी. दुसरं, गावतळं कधीच एकट्याचं नसतं. म्हशी बसतात, कपडे धुतले जातात, गौरी-गणपती तिथेच विसर्जन होतात, रात्री कोणी गळ टाकून बसतो. बाहेरून आलेल्या माणसाच्या नावावर पंचायतीचं तळं मिळणं सोपं नाही. आमच्याकडे करार गावातल्या एका पटेलांच्या नावाने आहे, मेहनत माझी, माल निम्मा-निम्मा. मला माणूस चांगला मिळाला. सगळ्यांना मिळेलच असं नाही.

आणि बडोद्याचं म्हणून एक संकट आहे ते डहाणूत कोणाला खरं वाटत नाही. विश्वामित्रीत शहराच्या मधोमध मगरी आहेत, तशा पावसाळ्यात त्या आसपासच्या तळ्यांतही येतात. माझ्या दुसऱ्या वर्षी पाचेक फुटांची मगर तळ्यात शिरली. तिला हात लावायचा नाही, कायद्याने ती वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे, आणि लावूही नये. वन खात्याच्या लोकांनी पिंजरा लावला, ती अकराव्या दिवशी सापडली. अकरा दिवस तळ्यात जाळं नाही, खाद्य काठावरून. मासे किती गेले सांगता येत नाही, पण माझं मन त्या दिवसांत समुद्राकडे धावत होतं, हे खरं.

कागदांबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे. तळ्यासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य. किसान क्रेडिट कार्डही आता मत्स्यपालनाला मिळतं. पण तलासरीच्या आदिवासी मित्रांनी लक्षात ठेवावं, महाराष्ट्राचा जमातीचा दाखला गुजरातेत चालेल असं धरून बसू नका. तुमच्या घरची जमीन असेल, शेततळं असेल, तर शिकून परत पालघरलाच कार्प करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कोळंबी शिकलात तर खाऱ्या पाण्याच्या फार्मवर नोकरी हाच मुख्य रस्ता राहतो, कारण स्वतःचं तळं उभं करायला लागणारं भांडवल आपल्यापैकी कोणाकडे नाही.

प्रशिक्षणाला जाल तिथे आणखी एक अडचण येईल. आपण गुजराती बोलतो, वाचता येत नाही. तक्ते गुजरातीत असतात. मी माझे सगळे तक्ते देवनागरीत उतरवून ठेवलेत: चुना किती, शेण किती, कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० हे शेकड्याचं प्रमाण, महिन्यागणिक खाद्य. घरी या, फोटो काढून न्या.

वीस-बावीसचा असेल, लग्न व्हायचं असेल, घरी दर महिन्याला पैसे पाठवणं अडलेलं असेल, तर त्याने दोन पिकं कोळंबीवर काढायला माझी हरकत नाही. नियमित पगार ही बोटीवर कधी न मिळालेली गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. फक्त टेक्निशियनच्या वहीत काय लिहिलं जातं ते पहिल्या आठवड्यापासून विचारायला लागा. ज्याची मुलं शाळेत आहेत, ज्याने दहा-बारा हंगाम काढलेत, त्याने मात्र गोड्या पाण्याकडे आधी बघावं असं मला वाटतं.

ठरवण्याआधी दोन्ही जागा डोळ्यांनी बघा, आणि दुपारी जाऊ नका, दुपारी सगळीच तळी सारखी दिसतात. ओलपाडला ओळखीचा मुलगा आहे, तो पहाटे ४ ला बांधावर उभा करेल. पंख्यांच्या आवाजात बॅटरी घेऊन फिरणारी माणसं दिसतील, त्यांचे डोळे बघा. दुसऱ्या दिवशी डभोईला या. त्याच वेळेला तळ्यावर बहुतेक कोणी नसेल. मी साडेसहाच्या सुमारास पेंडीचं पोतं घेऊन येतो.