‘सरकॉन’ म्हणजे मीच! विज्ञानकथेच्या शब्दकोशाबद्दल

तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं, ती खोड घरात अजून जात नाही. नातू टीव्हीवर अंतराळातली लढाई बघत होता. यान फुटलं, धडाडधूम झालं, आणि मी म्हणालो, "अरे, पोकळीत आवाज जात नाही." पोरानं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला नि निघून गेला. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, "बाबा, घातलंत विरजण!"

असल्या माणसासाठी विज्ञानकथावाल्यांत खास शिवी आहे, हे ‘ब्रेव्ह न्यू वर्ड्‌स’मुळे कळलं. ऑक्सफर्डचा २००७ सालचा विज्ञानकथेचा शब्दकोश, संपादक जेफ प्रूशर. पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार मिळाला. शिवी आहे ‘सरकॉन’. ‘सीरियस’ आणि ‘कन्स्ट्रक्टिव्ह’ यांची मुंडकी जोडून केलेली. १९५०च्या दशकात टोरांटोच्या बॉइड रेबर्न या चाहत्यानं ती काढली. चाहते आपापल्या हौशी अंकांतून एकमेकांची टर उडवत असताना मध्येच जो विज्ञानकथेवर गंभीर प्रवचन झोडी, तो सरकॉन. पुढे हाच शब्द अभ्यासू चर्चेसाठी चांगल्या अर्थानंही वापरात आला. ‘गंभीर आणि विधायक’! माझ्या गोपनीय अहवालात हेडमास्तरांनी असा शेरा मारला असता तर मी पेढे वाटले असते.

कोशाची खरी गंमत अवतरणांत आहे. शब्द छापील मजकुरात कधी, कुठे आला ते सालासकट, जुनं आधी. चाळायला बसलं की चहा गार होतो. ‘रोबॉटिक्स’ हा शब्द १९४१मध्ये विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्हनं वापरला, तेही तो आधीपासून असणारच अशा समजुतीत.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. जुनी प्रत ऑनलाइन मागवली. ‘जवळपास नवी’ म्हणे! पाठीचा डिंक सुकलेला, ‘एस’ची पानं हातात आली. कळवलं तर उत्तर आलं, सात दिवसांत परत पाठवा. कोश इंग्रजी विज्ञानकथेचा आहे, तेव्हा मराठीतलं काही शोधायला जाऊ नका. पैसे घालायचे नसतील तर ऑक्सफर्डच्याच कामातून वाढलेला जेसी शाइडलोअर यांचा ऐतिहासिक कोश जानेवारी २०२१पासून इंटरनेटवर फुकट आहे. मला मात्र कागदच लागतो.

‘सरकॉन’चं सुटं पान नातवानं टीव्हीशेजारी भिंतीवर चिकटवलंय. मी तोंड उघडलं की नुसतं बोट दाखवतो. सात दिवस केव्हाच उलटले.