४ जीबीचं सांगून १ जीबीचं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं

७,८०० रुपये गेले. घेतलं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी मेमरीचं. निघालं २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय, १ जीबी. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून नव्या कार्डाचं नाव चढवलेलं. ही युक्ती जुनी आहे, तुम्हाला ठाऊक असेल. मलाही होती!

म्हणूनच तर विकणाऱ्याला चालवून दाखव म्हटलं. कुडाळात त्याच्या खोलीवर एज ऑफ एम्पायर्स २ आणि सिव्हिलायझेशन ६ हे गेम दाखवले, दोन्ही झकास. हेच दोन का, ते आता कळतंय. एज २ मुळात १९९९ चा. सिव्हिलायझेशनला किमान १ जीबीचं कार्ड पुरतं, आणि खेळ लांबला की दमतो तो प्रोसेसर. मालवणला येऊन टोटल वॉर: थ्री किंगडम्स लावला. हजारो सैनिक मैदानात उतरले नि स्क्रीन काळी. विंडोज मात्र ४ जीबीच दाखवतंय, कारण बायोस सांगेल तेच ते दाखवणार.

आणि कार्डावरचं ते निळं व्हीजीए पोर्ट, जुन्या मॉनिटरची केबल लावायचं! डोळ्यांसमोर होतं. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, तिथे व्हीजीए येईल कुठून? मी उलट खूश झालो. मॉनिटर जुना, कन्व्हर्टरचे ३५० वाचले. तीनशे पन्नास! हसा खुशाल. पण नाव बरोबर, मेमरी बरोबर, खेळ चालू, अशा वेळी पोर्ट कोण तपासत बसतो?

पैसे देण्याआधी जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडायला लावा. २०१८ पासून ते अशा कार्डाच्या नावापुढे सरळ 'फेक' लिहितं. विकणारा "नेट नाही" म्हणाला तर पेनड्राइव्हवर घेऊन जा.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतो, "गेम खेळूक एवढे पैशे? कामधंदो नाय काय रे तुका?" साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, समोरासमोर व्यवहार झाला, ठाण्यात जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. कार्ड टेबलावर ठेवलं, स्क्रीनशॉट ठेवले; कुणी उचलूनसुद्धा पाहिलं नाही. अर्ज घेतला, पोच मागितली तर "उद्या या". चोराचा नंबर, खोलीचा पत्ता, यूपीआयवरचं नाव, सगळं हातात दिलंय, अजून काय त्याला बांधून आणून देऊ?

चॅट पुसू नका, खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो आधीच काढा. टोटल वॉरसारखा जड खेळ लावायला सांगा, अर्धा तास तरी.

त्याची जाहिरात अजून आहे, भाव ७,२०० वर आणलाय. कणकवली-कुडाळात कुणाची बोलणी चालू असतील तर आजच थांबा.