मूळ मुखपृष्ठचित्रांसाठी फ्रेमिंग : धरमपेठेतलं एक दुकान

विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रं पुष्कळदा पोस्टर कलरमध्ये असतात. हा रंग वाळल्यावरही पाण्याने सुटतो, त्यामुळे फ्रेम करणाऱ्याचा हात कोरडा आणि हलका हवा. नागपूरच्या धरमपेठेतल्या या दुकानात माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, नेटका कापतात : ४५ अंशांचा तिरका काप, कोपऱ्यात पातं पुढे गेल्याची खूण नाही. अ‍ॅसिड-फ्री (आम्लविरहित) बोर्ड मात्र मागितला तरच मिळतो. साधा बोर्ड काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्रावर तपकिरी पट्टी उमटवतो.

खरी गोम मागच्या बाजूला. चित्र सेलोटेपने चिकटवायची इथे सवय आहे. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचा चिकट थर पाघळून कागदात मुरतो. तो डाग सहसा निघतच नाही. वरच्या कडेला पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या, गव्हाच्या खळीने, असं बिलावर लिहून घ्या. खळ स्वतः नेलीत तर कुरकुर न करता लावतात, हे मान्य करायला हवं.

समासातली पेन्सिलीची मापं, छपाईच्या सूचना, वरचा ट्रेसिंग पेपर ‘साफ’ करू देऊ नका. मूळ चित्राची ओळख पटवणाऱ्या खुणा त्याच. काच रंगाला टेकू नये. दुहेरी माउंट लावून इथे साधारण ३ मिमी अंतर राखतात, तेवढं पुरतं.

घरी आणल्यावर कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा, ओलाव्याने कागद फुगतो.