कंटिन्युअल की कंटिन्युअस?

वीज जाण्याबद्दलच्या इंग्रजी तक्रार-अर्जात ‘कंटिन्युअल’ घालावे की ‘कंटिन्युअस’, असे भाचीने विचारले. कूळ दोघांचेही लॅटिनमधले, ‘एकत्र धरून ठेवणे’ या क्रियापदाचे. मात्र पहिला शब्द १४व्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तर दुसरा १७व्या शतकात रुळला. खरा भेद अर्थाचा आहे: पहिल्यात मध्ये खंड पडून तीच गोष्ट पुन्हापुन्हा घडते, दुसऱ्यात खंडच नसतो. आपला ‘सतत’ दोन्हीकडे चालतो आणि घोळ, माझ्या मते, तिथूनच सुरू होतो. वस्तूंना मात्र दुसराच लागतो. न तुटणारी रेघ किंवा गणितातले संतत फलन ‘कंटिन्युअस’च म्हणावे. वीज दिवसातून चारदा जात असेल तर अर्जात ‘कंटिन्युअल’ योग्य; सलग सहा तास अंधार असेल तर ‘कंटिन्युअस’.