पोटाच्या जुन्या त्रासावर नऊ महिने उपचार घेतल्यानंतरचा अनुभव

आठ वर्षं पोटाचा त्रास काढला. गेले नऊ महिने पंचवटीतल्या एका वैद्यबाईंकडे उपचार चालू आहेत आणि बऱ्यापैकी गुण आलाय. माझ्यासारखंच भोगणारे पुष्कळ असतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी अंबड एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. सकाळी तीन-तीनदा जाऊनही पोट साफ झालं असं वाटायचं नाही. जेवलं की तासाभरात पोट तट्ट फुगायचं, पँटचं बटण सैल करावं लागायचं. मुंबईला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून जेवण बंद, कारण कसाऱ्याच्या घाटात कळ आली तर करायचं काय? मुलीच्या गॅदरिंगला दाराजवळची खुर्ची पकडून बसायचो आणि तिचा नाच अर्धा सोडून उठायचो. ही गोष्ट मला फार लागायची.

मधल्या काळात दोन चुका केल्या. पहिली, पित्ताची गोळी दोन वर्षं स्वतःच्याच मनाने रोज घेत राहिलो. दुसरी, कोणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणाहून बिनलेबलची पुडी आणली आणि तीन महिने खाल्ली. वैद्यबाईंनी सगळ्यात आधी ती पुडी बंद करायला लावली. वर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच. अशा औषधांत शिसं आणि पारा सापडल्याचे प्रकार झालेत, त्यामुळे आयुर्वेदाच्या नावाखाली मिळतं ते सगळं निर्धोक असतं हे डोक्यातून काढून टाका.

मला वाटलं होतं त्या लगेच काढा लिहून देतील. त्या म्हणाल्या, "आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवून या. रक्त जातंय का, वजन उतरलंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, हे बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही." रक्त, थायरॉइड, संडासची तपासणी आणि शेवटी कोलोनोस्कोपी, सगळं झालं. आतड्याला सूज नाही, जखम नाही. निदान निघालं आयबीएस, म्हणजे आतड्यात दोष दिसत नाही पण त्याचं काम बिघडलेलं असतं असा त्रास. बी-12 मात्र बरंच कमी होतं. मी शाकाहारी, त्यात पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 नीट शोषलं जात नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. ती गोळी त्यांनीच हळूहळू कमी केली. एकदम सोडली असती तर आम्लपित्त उसळलं असतं.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा वैद्यबाईंनी पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. त्यातला एक अजून आठवतो, "तुम्हाला भूक किती वाजता लागते?" मला उत्तरच देता येईना. कॅन्टीन उघडलं की खायचं, चहा आला की प्यायचा, एवढंच माहीत. भूक लागते म्हणजे काय होतं हेच मी विसरलो होतो. त्यांनी एक साधी वही करायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, आणि पोट कसं होतं.

त्या वहीतून दोन महिन्यांत कांदा सापडला. आम्ही निफाडकडचे, घरात कांद्याशिवाय फोडणी नाही, त्यामुळे आईला ते पटेचना. पण कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची शर्करा असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने ज्या आहारपद्धतीवर काम केलंय तिचा पाया हाच. वैद्यबाईंनी सहा आठवडे कांदा-लसूण बंद केला, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि मटकी-हरभऱ्याऐवजी मुगाचं वरण दिलं. मग एकेक पदार्थ परत आणून पाहिला. आईने त्यातूनही वाट काढली. लसूण तेलात तळायचा आणि पाकळ्या काढून टाकायच्या. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, पण वास उतरतो. कांद्याची हिरवी पातही मला चालते. गव्हाची पोळी आता दिवसातून एक, तीही दुपारीच.

औषधांत हिंग्वाष्टक चूर्ण सगळ्यात कामाला आलं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. पाव चमचा चूर्ण, त्यावर चमचाभर साजूक तूप, आणि ते गरम भातात कालवून पहिल्या दोन घासांत खायचं. जेवणानंतर पाण्याबरोबर घेतलं तर मला तेवढा फरक जाणवत नाही. जोडीला दुपारी जिरं घातलेलं पातळ ताजं ताक. पावसाळ्यात योगबस्ती घेतल्या, म्हणजे आयुर्वेदातले औषधी एनिमा, पाच तेलाच्या आणि तीन काढ्याच्या, एकूण आठ. पहिल्या दिवशी संकोच वाटला, पण तिसऱ्या दिवसापासून पोट हलकं झालं. अनशेपोटी घ्यायचा एक काढा मात्र सोसला नाही, छातीत जळजळ व्हायची. तसं सांगितल्यावर त्यांनी तो लगेच बदलला.

झोप आणि श्वास यांच्याकडे मी आधी दुर्लक्ष केलं, आणि तिथेच चुकत होतो. आतडं आणि मेंदू यांचं बोलणं सतत चालू असतं. सुपरवायझर ओरडला की माझ्या पोटात कळ यायची, त्यामागचं कारण हेच. आता रोज दहा मिनिटं भ्रामरी आणि संथ दीर्घ श्वास करतो. सुटीच्या दिवशी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतो, तेवढा व्यायाम मला पुरतो.

नऊ महिन्यांचा खर्च तपासण्या सोडून साधारण अठरा हजार झाला, त्यातले निम्मे बस्तीचे. पोटफुगी आठवड्यातून पाच-सहा दिवस असायची, ती आता एखादा दिवस असते. सकाळी एकदाच जावं लागतं. मिसळ महिन्यातून एकदा खातो, तर्री कमी घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी पोट जरा कुरकुरतं. पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. कोणाला रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त जात असेल, तर माझा अनुभव वाचून घरी काही सुरू करू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

रात्रपाळीच्या आठवड्यात अजून घडी विस्कटते. पुढच्या सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी आहे. वैद्यबाईंनी वेळा लिहून दिल्यात. कामावर जाण्याआधी आठला मुख्य जेवण, रात्री दोनला फक्त मऊ भात आणि मुगाचं वरण, कॅन्टीनचा वडा नाही, चहा एकच. डबा हिने आत्तापासून वेगळा काढून ठेवलाय.